सूर्यास्ताच्या वेळी खुर्ची रिकामी नको

मा. पर्यटन मंत्री, कर्नाटक सरकार, यांस

स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. आयुष्य मराठी शाळांत गेले आणि त्यातली निदान वीस वर्षे डिसेंबरातली सहल माझ्या गळ्यात पडली. पत्र मराठीत आहे, कारण लिहायला बसलो की हीच भाषा हाताशी येते. कन्नड प्रत सोबत जोडली आहे. बेळगावकडून मराठीत पत्र आले म्हणजे सीमाप्रश्नच असणार, असे समजून कृपया ते फाइलीत लावू नका. यात फक्त समुद्र आहे.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात ४७ लाखांवर माणसे मोजली गेली, आणि या सगळ्यांना खारे पाणी बघायचे तर घाट उतरावाच लागतो. बेळगावची माणसे आंबोलीवरून वेंगुर्ल्याला जातात, जांबोटी-चोर्ल्यावरून गोव्यात जातात. आम्ही खानापूरकडचे लोंढा, रामनगर, जोयडा, अणशीवरून कद्र्याला उतरतो आणि काळी नदीच्या काठाने कारवार गाठतो. क्रूझर ठरवायची, दशम्या-चटणी बांधायची, पहाटे निघायचे. वाटेत निम्मी पोरे उलट्या करतात आणि उरलेली त्यांना हसतात. समुद्र दिसला की मात्र सगळी गप्प. मग प्रत्येक पोर एकच गोष्ट करते, बोट बुडवून चाटते. इतक्या सहली नेल्या, पण न चाटलेले पोर मी पाहिले नाही. “खारट हाय की हो गुरुजी!” पुस्तकात मी तेच शिकवलेले असते, पण माझ्यावर विश्वास कोणाचा?

कारवारचा किनारा कुटुंबाने जावे असाच आहे. वाळू मऊ आणि सपाट, समोर बेटांची रांग, एका बाजूला काळी नदीचे मुख आणि पलीकडे सदाशिवगड. विशीतले रवींद्रनाथ टागोर इथे येऊन राहिले होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तेव्हा इथे जिल्हा न्यायाधीश होते. किनाऱ्याला म्हणून रवींद्रनाथांचे नाव आहे. पोरांना टागोर नकोत, त्यांना वाळूवर उभी केलेली ‘चपळ’ युद्धनौका हवी असते. तिच्या पोटात शिरून आली की जेवणाचीही आठवण राहत नाही. शहराच्या दक्षिणेचा बराच किनारा नौदलाच्या तळात गेला आहे. त्याबद्दल तक्रार नाही, देशाचे काम आहे. पण त्यामुळे उरलेल्या वाळूवर गर्दी दाटते, आणि ती सर्वांत दाटते सूर्यास्ताला.

आता मुद्द्यावर येतो.

गेल्या मे महिन्यात मुलगा, सून, नातू, नात आणि आम्ही दोघे म्हातारे असे कारवार भागातल्या एका किनाऱ्यावर होतो. किनाऱ्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर तिथे आणखी एक फलक लागेल आणि विषय मिटला असे होईल. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडेही फेस येत होता, आणि मधे दहा-पंधरा पावलांचा एक पट्टा अगदी शांत, गडद, जणू तळ्याचे पाणी. पोरांची आज्जी म्हणाली, “हितं खेळा रे, हितं पाणी गप हाय.” मलाही पटले. मी मास्तर, भूगोल शिकवलेला माणूस, पण मलाही पटले.

अकरा वर्षांचा नातू गुडघाभर पाण्यात होता तो कमरेभर पाण्यात गेला, आणि मग त्याचे पाय सुटले. तो ओरडला नाही. बुडणारे पोर ओरडते ही माझी समजूत त्या दिवशी गेली. आम्ही सगळे सूर्याकडे बघत होतो, सून मोबाइलवर त्याचाच व्हिडिओ घेत होती. रांपणीचे जाळे आवरत बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या ते लक्षात आले. तो कोंकणीत ओरडला, “थंय वचूं नाकात, उदक ओडटा!” (तिकडे जाऊ नका, पाणी ओढते), आणि त्याच्याबरोबरचे दोन तरुण धावले. ते सरळ पोराच्या मागे गेले नाहीत, बाजूने फेस येत होता तिकडून शिरले आणि त्याला आडवे ओढत घेऊन आले. चार मिनिटे लागली असतील. नातवाला काही झाले नाही, पोटात पाणी गेले तेवढेच. माझे हात मात्र त्या रात्री जेवताना थरथरत होते.

जीवरक्षकाची उंच खुर्ची तिथून पन्नास पावलांवर होती. रिकामी. चहाच्या गाड्यावाला म्हणाला, “सहाला ड्युटी सुटते त्यांची.” मी त्या जीवरक्षकाला दोष देत नाही. दिवसभर उन्हात बसलेला माणूस वेळ झाली की घरी जाणारच.

पण साहेब, सूर्य सहाला ड्युटी सोडत नाही. डिसेंबरात आपल्या किनाऱ्यावर तो सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. म्हणजे घड्याळाला बांधलेली ड्युटी हिवाळ्यात कशीबशी पुरते, आणि उन्हाळी सुट्टीत, जेव्हा पोरे सर्वांत जास्त आणि पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रही खवळू लागलेला, तेव्हा नेमकी एक तास कमी पडते. ड्युटी घड्याळाला बांधू नका, पंचांगाला बांधा. सूर्यास्ताची वेळ आमच्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या रोज छापलेली असते. आपल्या खात्यालाही तेच कॅलेंडर चालेल. सूर्यास्तानंतर अर्धा तास जीवरक्षक खुर्चीवर, एवढा एक आदेश काढा. अर्धा तास यासाठी की सूर्य बुडाला म्हणून लोक उठत नाहीत. खरे रंग त्यानंतर येतात आणि पोरे ‘अजून एकदा’ म्हणत पुन्हा पाण्यात जातात.

ही वेळ आणखी एका कारणाने वाईट. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे संध्याकाळी पाण्याकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांत थेट ऊन. लाटांतली डोकी काळे ठिपके होतात. सहलीत मी दर पंधरा मिनिटांनी डोकी मोजायचो. दुपारी आकडा बरोबर येई, सूर्यास्ताच्या वेळी हमखास एक-दोनने चुके आणि माझ्या पोटात गोळा येई. मग मी नियमच केला: पाच वाजता सगळी पोरे पाण्याबाहेर, वाळूत रांगेने बसायचे आणि सूर्य बसून बघायचा. पोरे मला शिव्या द्यायची, तोंडावर नाही, पण द्यायची. स्वतःच्या नातवंडांच्या वेळी तोच नियम मी मोडला.

त्या शांत पट्ट्याला इंग्रजीत रिप करंट म्हणतात, हे मला नंतर कळले. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जायला वाट शोधते, आणि वाळूच्या दांड्यात जिथे खोलगट फट सापडते तिथून एकवटून समुद्राकडे धावते. तिथे तळ खोल, म्हणून लाट फुटत नाही, म्हणून पाणी शांत दिसते. पोहता न येणारे कुटुंब नेमकी तीच जागा निवडते, आमच्यासारखी. वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. त्याच्यासमोर पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. पण हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो, आणि पट्टा रुंद नसतो. किनाऱ्याकडे झटायचे सोडून तरंगत राहावे, हात वर करावा, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे. ते दोन तरुण बाजूने का शिरले, ते तेव्हा उमगले. हे पाचवीच्या पोराला दहा मिनिटांत फळ्यावर शिकवता येते. मी वीस वर्षे सहली नेल्या आणि एकदाही शिकवले नाही, कारण मला कोणी सांगितले नव्हते.

बेळगावला तर हे फार आधी कळायला हवे होते. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकीच्या सहलीतले ८ जण बुडाले. आमच्या भागात आजही कोणी मालवणला निघाला की घरातली बाई एकदा तो विषय काढतेच. आणि १० डिसेंबर २०२४ ला कारवारच्याच जिल्ह्यातल्या मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातल्या मुळबागलच्या शाळेच्या ४ मुली बुडून गेल्या. कोलार म्हणजे राज्याचे पूर्वेचे टोक. त्या मुलींनीही पाणी चाटून बघितले असेल, असे मला सारखे वाटत राहते. त्या आठवड्यात हिवाळी अधिवेशनासाठी सरकार आमच्याच बेळगावात, सुवर्णसौधमध्ये होते. आपले अधिवेशन आणि आमच्या सहली एकाच महिन्यात येतात, म्हणून ही गोष्ट तिथेच ठरवता येण्यासारखी आहे.

अपघात झाला की काही दिवस किनारा बंद होतो, दोर लागतो, मग दोर सैल होतो. बंदी मला नको आहे. समुद्र बंद केला तर घाटावरच्या पोरांनी काय, चित्रात बघायचा? मला शिट्टी असलेला माणूस हवा आहे. आणि पोहण्याची जागा दाखवणारी लाल-पिवळी दोन निशाणे, धोक्याच्या वेळी लाल निशाण, आणि त्यांचा अर्थ सांगणारा फलक. फलकावर कन्नड असावे, ती राज्याची भाषा आहे, त्यात वाद नाही. पण त्याखाली एक ओळ मराठीत आणि एक कोंकणीत असेल तर माझ्या बायकोला ती वाचता येईल. ती चौथी शिकली आहे, मराठीत. तिथल्या धोक्याच्या फलकावर कन्नड आणि इंग्रजी होते, ती त्याच्याच सावलीत बसली होती. अक्षरांआधी चित्र काढा: दोन्हीकडे फेस, मधे शांत पट्टा, त्यावर फुली. ते कोलारच्या पोरीलाही कळेल.

आणखी एक बिनखर्चाचे काम आहे. सहलीला परवानगी घ्यायला प्रत्येक शाळा शिक्षण खात्याकडे अर्ज करते. परवानगीच्या पत्राला समुद्राचे एक पान जोडा: वर लिहिले ते सगळे, चित्रासकट, शाळेच्या माध्यमाच्या भाषेत. मास्तर ते पान वाचतील. परवानगीचे पत्र आम्ही चारदा वाचतो, कारण काही झाले तर त्यातली अट आमच्याच अंगावर येते. हे खाते आपले नाही, ठाऊक आहे, पण ते मंत्री सभागृहात आपल्यापासून फार लांब बसत नसतील.

राज्याला तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ३२० किलोमीटर किनारा आहे. सगळीकडे माणूस बसवा असे मी म्हणत नाही. जिथे कुटुंबे सूर्यास्ताला जमतात त्या जागा खात्याला माहीत असतात, जाहिरातीतला सूर्य तिथलाच असतो. तेवढ्याच जागा धरा.

नातू या मे महिन्यात पुन्हा कारवारला जाऊ म्हणतो आहे. सून नको म्हणते. मी अजून काही बोललेलो नाही. आपल्या उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
खानापूर तालुका, जि. बेळगाव

ता. क. कन्नड प्रत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने केली. ‘ओढ’ या शब्दाला त्याने ‘सेळेत’ लिहिले आहे. पाण्याची ओढ आणि मनाची ओढ, दोन्हींना तिकडेही हाच शब्द चालतो म्हणाला. फलकावर लिहिताना लोकांचा घोटाळा होऊ नये, म्हणून त्याआधी ‘पाण्याची’ एवढे मात्र न विसरता घालावे.