आपली लिस्ट सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनना जाहीर आभारपत्र

स. न. वि. वि.

मराठी पत्रांची ही मेलिंग लिस्ट तुम्ही पदरमोड करून चालवता. ती चालवणारी मेलमन २.१ ही प्रणाली सांभाळणे किती किचकट असते ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून मोघम आभार मानावेसे वाटत नाहीत.

सगळ्यात मोठे आभार डीमार्कच्या (पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, हे तपासण्याच्या पद्धतीच्या) बंदोबस्ताबद्दल. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी ‘रिजेक्ट’ धोरण (तपासात न बसलेले पत्र नाकारा) लावले आणि जगभरच्या लिस्टची पंचाईत झाली. लिस्ट विषयाआधी आपले नाव लावते, तळाशी दोन ओळी जोडते. तेवढ्याने लेखकाच्या सर्व्हरने पत्रावर केलेली डीकेआयएम ही डिजिटल सही मोडते. एसपीएफ (पत्र ज्या सर्व्हरवरून आले त्याची परवानगी) तपासावे तर तिथे डोमेन लिस्टचे, लेखकाचे नव्हे. मग याहूवरून आलेले पत्र इतरांचे सर्व्हर परत पाठवतात आणि बाउन्सचा (परत आलेल्या पत्राचा) गुण चढतो तो घेणाऱ्याच्या खात्यावर! दिवसाला फार तर १ गुण. मूळ सेटिंगनुसार ५ झाले की त्याची डाक बंद. ज्याचा काही दोष नाही त्यालाच शिक्षा. तुम्ही ‘मंज फ्रॉम’ (‘फ्रॉम’मध्ये लेखकाऐवजी लिस्टचा पत्ता घालणारी सोय) लावलेत, तेही सरसकट नाही, तर ज्या डोमेनचे धोरण कडक आहे तेवढ्यांनाच. त्यामुळे बाकीच्यांचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये जसाच्या तसा दिसतो. ही नजाकत फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

देवनागरीची काळजी तर तुम्ही खासच घेतलीत. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत आपले एक चिन्ह ३ बाइटचे, मेलसाठी बेस-६४ रूपात बदलल्यावर ४ बाइटचे. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. त्यात एचटीएमएल (सजवलेल्या मजकुराची) प्रत जोडलेली, आणि आकार मोजला जातो तो ती गाळण्याआधी. मेलमनची मूळ ४० केबीची मर्यादा इंग्रजीला पुरते; मराठीतले लांब पत्र मात्र मंजुरीच्या रांगेत अडकते. तुम्ही मर्यादा वाढवलीत.

डायजेस्टमध्ये (अनेक पत्रे एकत्र येणाऱ्या मेलमध्ये) आणि जुन्या पत्रांच्या संग्रहात मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटत, कारण इंग्रजी लिस्टचा अक्षरसंच मुळात यूएस-आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचा) असतो. ‘एमएम_सीएफजी’ या मेलमनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये इंग्रजीसाठी यूटीएफ-८ सांगणारी एक ओळ घातली की नवी पत्रे सुधारतात, जुन्यांसाठी संग्रह नव्याने बांधावा लागतो. तो बांधण्याआधी तुम्ही ‘क्लीनआर्च’ हे साफसफाईचे साधन चालवलेत, हे महत्त्वाचे. एमबॉक्स या सगळी पत्रे एकत्र ठेवणाऱ्या फाइलमध्ये नवे पत्र ‘फ्रॉम’च्या ओळीने सुरू होते; तिथे ‘फ्रॉम’ने सुरू होणारी मजकुराची ओळ सुटून राहिली असती, तर एका पत्राची दोन झाली असती, पुढचे सगळे क्रमांक सरकले असते आणि जुने दुवे भलत्याच पत्रावर गेले असते.

सभासद नसलेल्यांची अडकलेली पत्रे तुम्ही रोज हाताने पाहता, त्याबद्दलही मनापासून आभार.

आता एक विनंती. मेलमन २.१ पायथन २ या संगणकभाषेवर चालते आणि त्या पायथनचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. मेलमन ३ वर जायचे तर सेटिंग ‘इम्पोर्ट२१’ या आज्ञेने आणि संग्रह ‘हायपरकिटी_इम्पोर्ट’ने आणता येतो. ‘कॉन्फिग.पीसीके’ (लिस्टच्या सेटिंगची फाइल) आणि एमबॉक्सची प्रत आम्हाला द्या. वेगळ्या मशीनवर, कुणालाही पत्र जाणार नाही अशा बेताने, चाचणी आम्ही करतो.

आपले कृतज्ञ,
लिस्टवरचे काही जुने सभासद