रिसेप्शनला सनई का नको?

संपादक साहेब, नमस्कार.

लग्नात हॉल, केटरर, फोटोग्राफर सगळं महिनोन्महिने आधी ठरतं आणि गाण्याबजावण्याचं मात्र शेवटच्या आठवड्यात, मग मिळेल तो डीजे. परवा एका रिसेप्शनला नवरीची आजी स्पीकरसमोरच कानांवर पदर दाबून बसलेली, नातजावयाशी धड बोलता येईना तिला, फार वाईट वाटलं बघून. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, पण बघतं कोण.

सनईवाल्यांना फक्त मुहूर्तापुरतं बोलवू नका, संध्याकाळीही बसवा. सात वाजता यमन राग लागला, मागे दुसऱ्या सनईचा सूर, की पाहुणे आपोआप हळू बोलायला लागतात. आमच्या सोलापुरात तर सुंदरीवादनाची परंपरा आहे, सनईपेक्षा लहान वाद्य, आवाज बारीक आणि इतका गोड, छोट्या हॉलला एकदम परफेक्ट. पोरांना नाचायचंय तर शेवटचा तासभर गाणी लावा की, कोण नको म्हणतंय. फक्त बुकिंग करतानाच किती वेळ वाजवायचं, माईक कोणाचा, कलाकारांच्या जेवणाचं काय हे बोलून घ्या आणि मानधन त्याच रात्री हातात द्या.

– एक वाचक, सोलापूर