उंची मोजली, वळणाचे काय?

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने लहानमोठ्या सर्वच दुकानांवर देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असेही त्यात नमूद झाले. पुढे २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिल्यावर भराभर पाट्या बदलल्या. याचा आनंद आहेच. मात्र उभा जन्म मुद्रितशोधनात गेलेल्या माझ्यासारख्याला त्यांतल्या काही पाट्या वाचवत नाहीत.

आमच्या पेठेतल्या एका नव्या पाटीवर 'किराणा'ची वेलांटी 'क'ला सोडून 'र'च्या डोक्यावर जाऊन बसली आहे, तर 'वस्तू'मधला 'स' पाय मोडून 'तू'पासून सुटा उभा आहे. मालकांना ते दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "काका, उंची तर नियमात बसते ना?" त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. चूक पाटी रंगवणाऱ्याची म्हणावी, तर रंगवणारा आता उरलेलाच नाही.

दुकानदार मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, पाठवतो आणि फ्लेक्सवाला तो चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा चिकटवतो. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग वेलांटी असा क्रम असतो. ती वेलांटी अक्षराच्या अलीकडे नेऊन दाखवणे आणि जोडाक्षर जुळवणे हे काम सॉफ्टवेअरचे. अनेक सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीची ही सोय आपण होऊन चालू करावी लागते. ती बंद राहिली की वेलांटी जागा चुकते आणि जोडाक्षरे विस्कटतात. हे टाळण्यासाठी बरेच जण अजूनही युनिकोडपूर्व काळातले जुने फॉण्ट वापरतात; मग मजकूर एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलताना अक्षरे गळतात ती वेगळीच. शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात 'डिग्री' नावाच्या टाइपाचा जुळारी मात्रा, वेलांट्या आणि उकार सुटे उचलून हाताने बसवत असे. त्याचेही हात चुकत, पण देवनागरी वाचता येत नाही असा जुळारी मी पाहिला नाही.

दुसरी गोष्ट अक्षराच्या वळणाची. मराठीचा 'ल' पाकळीचा, हिंदीतल्यासारखा उभा दंड नसलेला, आणि 'श' देठाचा. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात ही रूपे मान्य केलेली आहेत. युनिकोडमध्ये मात्र हिंदी व मराठी 'ल'ला एकच क्रमांक असून रूप कोणते दिसावे हे फॉण्ट ठरवतो. काही फॉण्टांत दोन्ही रूपे दडलेली असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवल्याखेरीज मराठी रूप बाहेर येत नाही, आणि ती नोंद करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात मुंबईत ज्या देखण्या अक्षरांचे साचे घडवले, त्यांच्याच शहरातल्या पाट्यांवर आज परक्या वळणाचा 'ल' दिसावा, याचे मला वाईट वाटते. (माझी नात म्हणते, आजोबांना 'ल'चे वेड लागले आहे. असेल.)

अर्थाचाही घोटाळा होतो. सह्याद्रीवरील एका चित्रफितीखाली 'दर्याखोर्यांत' असे उमटलेले मी नुकतेच पाहिले. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या घळी आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. अर्धा 'ऱ' उमटवण्याची सोय आजच्या प्रत्येक चांगल्या फॉण्टमध्ये आहे. टंकणाऱ्याला ती कळ ठाऊक नसते एवढेच.

पाट्यांची तपासणी करणाऱ्या पालिका कर्मचाऱ्यांनी मोजपट्टीबरोबर पाटी वाचूनही पाहावी आणि मोडलेल्या अक्षरांसाठी दंड न करता दुरुस्तीची मुदत द्यावी. मराठी भाषा विभागाने मराठी वळणाचे, पाटीला शोभतील असे दोन-चार मोफत फॉण्ट निवडून द्यावेत. त्यांच्यासोबत सॉफ्टवेअरमधली ती सोय कशी चालू करायची हे सांगणारे एक पानी पत्रक फ्लेक्स छपाईच्या दुकानांत लावले, तर निम्मे काम होईल असे मला वाटते.

जाता जाता, आपल्या दैनिकाच्या छापील पानांत 'ऱ्या' नेहमी बिनचूक असतो. संकेतस्थळावरील चित्रफितींखालच्या ओळींत मात्र तो अधूनमधून 'र्या' होतो. तेवढे पाहावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे