बाबा, पकड कशी आहे?

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर तुमच्या हाताचा विषय काढला की बाबा "जेवलीस का?" विचारून मोकळे होतात. म्हणून आज चक्क पत्र.

शनिवारी इथे एडिनबर्गच्या मरेफिल्ड स्टेडियमवर रग्बीची मॅच बघितली. बाबा, अर्धी कबड्डी, अर्धी कुस्ती आणि मध्ये एक लांबुळका चेंडू, असं समजा. शेजारचे आजोबा निळ्या-पिवळ्या चौकड्यांची पँट घालून आले होते. मला हसू आवरेना. मग कळलं, ती स्कॉटलंडचा रग्बी खेळाडू डॉडी वेअर याची आठवण. तो असलेच भडक सूट घालायचा.

डॉडी शेतकऱ्याचा मुलगा, साडेसहा फुटांचा. चेंडू बाहेर गेला की दोन्ही संघ रांगा करतात. आत फेकलेला चेंडू उंच झेपावून पकडायचा, हे त्याचं काम. स्कॉटलंडकडून 61 मॅच खेळला. पळताना म्हणे पिसाळलेल्या जिराफासारखा दिसायचा. 1995 च्या वर्ल्डकपमध्ये न्यूझीलंडविरुद्ध त्याने दोन ट्राय केले (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं). मॅच हरले, पण आजोबा अजून त्याच दोन ट्रायवर खूश! (आपल्या गावच्या संघाचंही असंच, नाही का?)

खेळ सोडल्यावर दारात सापडलेला त्याचा हात काही केल्या बरा होईना. 2016 च्या डिसेंबरात निदान झालं: मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरत जातात, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. त्याने ते लपवलं नाही. 2017 मध्ये जगजाहीर केलं, संशोधनासाठी फाउंडेशन काढलं. त्या नोव्हेंबरात न्यूझीलंडच्याच मॅचला तिन्ही मुलांसह मॅचचा चेंडू घेऊन तो मरेफिल्डवर चालत आला. वर्षभरात चालणं बंद होईल, असं त्याला सांगितलेलं होतं. 2022 च्या नोव्हेंबरात पुन्हा न्यूझीलंड, पुन्हा तो, पण व्हीलचेअरवर. त्यानंतर दोन आठवड्यांत गेला. बावन्न वर्षांचा होता.

बाबा, तुम्हाला तसलं काही झालंय असं मी मुळीच म्हणत नाही. मानेत शीर दबली असेल, साखर असेल. पण परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होतात. आणि शर्टाची बटणं हल्ली आई लावते, हे तिने नाही, दादाने सांगितलं. तिच्यावर चिडू नका. तुमच्या हातात घोटा सापडला की चढाईला आलेला गडी सुटायचा नाही, असं विठूकाका अजून सांगतात. तोच हात दाखवायचाय, दुसरं काही नाही.

दादाने सांगलीच्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे. गुरुवारी, सकाळी अकरा. आई, साखरेचे जुने रिपोर्ट कपाटातल्या निळ्या पिशवीत आहेत, ते घे. आणि बाबा, त्या दिवशी बटणं तुम्ही स्वतः लावा. वेळ लागला तर लागू दे, पण किती लागला ते डॉक्टरांना खरं सांगा.

तुमची,
मनू