गाडीतल्या पेट्रोलच्या एसी पंपाचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारल्याबाबत तक्रार पत्र

वाई, जि. सातारा
दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : हमीच्या मुदतीत निकामी झालेला गाडीचा पेट्रोल पंप न तपासताच दावा नाकारल्याबाबत.

महोदय,

माझ्या नर्सरीत रोपांच्या वाहतुकीसाठी वडिलांच्या काळापासून महिंद्र एफसी-१५० हा छोटा ट्रक वापरात आहे. त्याला चार सिलिंडरचे २.२ लीटर हरिकेन पेट्रोल इंजिन व एकच कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असून, इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रॅमचा, म्हणजे रबरी पडद्याचा पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत एसी पंप, टाकीतले पेट्रोल वर खेचतो. आपल्या कंपनीचा असा एक नवा पंप आणि त्याच डायफ्रॅमचे एक जादा किट मी १४ ऑगस्ट २०२५ रोजी सातारा येथून विकत घेतले. दोन्हींच्या खोक्यांवर 'ई-२० पेट्रोलसाठी योग्य', म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालणारे, असे ठळक छापलेले असल्यामुळेच मी इतर स्वस्त पंप सोडून आपला घेतला. हमी सहा महिन्यांची होती.

नोव्हेंबरअखेरपासून गाडी पसरणी घाटात बंद पडू लागली. सपाटीवर काही तक्रार नसे; मात्र भरल्या गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये तीन-चार वळणे चढली की झटके सुरू होत, कार्बोरेटरमधून फटाका उडे आणि इंजिन बंद पडे. दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू होऊन आणखी दोन वळणे जाई. ३ डिसेंबर रोजी मी आपल्याकडे तक्रार नोंदवली आणि मागितल्याप्रमाणे पंपाची छायाचित्रे पाठवली. त्यावर १० डिसेंबरला आलेल्या उत्तरात 'जुन्या गाडीच्या कार्बोरेटरमधील जेट चोंदल्याने असे होते, पंपात दोष नाही' असे कळवून दावा निकाली काढण्यात आला. (जेट म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र.) पंप हातात न घेता आपल्या तज्ज्ञांनी हे कसे ठरवले, ते मला अद्याप समजलेले नाही.

मी व आमच्या मिस्त्रींनी मात्र अंदाजावर काम भागवले नाही. एफसीचे इंजिन कॅबमध्येच, चालक आणि शेजारच्या सीटच्या मधल्या झाकणाखाली असते. त्यामुळे घाटात गाडी बंद पडताच झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकता आला. हाताने थ्रॉटल ओढले असता कार्बोरेटरमधल्याच छोट्या ॲक्सिलरेटर पंपातून एरवी येणारी पेट्रोलची बारीक धार आली नाही, म्हणजे पंपाकडून आलेले पेट्रोल साठवणारा कार्बोरेटरचा बाऊल रिकामा होता. जेट चोंदले असते तर बाऊल भरलेला मिळाला असता. आपल्या उत्तराचा निकाल खरे तर इथेच लागतो.

तरीही बाऊल रिकामा राहण्याची इतर कारणे आम्ही एकेक करून तपासली. टाकीचे झाकण सैल ठेवून पाहिले, कारण त्यातले हवेचे छिद्र बुजले तरी हीच लक्षणे दिसतात. फरक पडला नाही. फिल्टर बदलला, टाकीपासून पंपापर्यंतची नळी फुंकून घेतली, बाऊलमध्ये येणारे पेट्रोल उघडबंद करणारी फ्लोटची निडल काढून पाहिली. सगळे ठीक होते. उष्णतेने पेट्रोलची वाफ अडकत असावी, ही शंका मलाही होती. पण पंपावर ओले फडके गुंडाळूनही गाडी तशीच बंद पडली, आणि तीही डिसेंबरातल्या पहाटे. (काही जण पेट्रोलचा कॅन वर टांगून थेट कार्बोरेटरला जोडून गाडी चालवून पाहतात. इंजिन मांडीशी असलेल्या गाडीत तो आगाऊपणा आम्ही केला नाही.)

त्यानंतर पंपाची नळी कार्बोरेटरकडून सोडवून मापाच्या बाटलीत घातली आणि बाऊलमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन एक मिनिट आयडलवर ठेवले. आपल्या पंपाने मिनिटाला ९० मिलिलीटर पेट्रोल दिले, तेही तुटक आणि फेसाळ. हिशेब केला तर हे ताशी ५.४ लीटर होतात. घाटात ताशी १५ किलोमीटरने चढताना ही गाडी लिटरला जेमतेम दोन किलोमीटर देते, म्हणजे तिला ताशी साडेसात लीटर लागतात. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पंपाचा दाब अडीच ते पावणेचार पीएसआय दिला आहे. आपल्या पंपाला दाबमापक लावला तर काटा एकच्या पुढे गेला नाही. माझा जुना पंप परत बसवल्यावर त्याच बाटलीत ४८० मिलिलीटर पेट्रोल आले, दाब तीन भरला आणि कार्बोरेटरला हातही न लावता तोच माल घेऊन गाडी पाचगणीपर्यंत एका दमात गेली.

आपण दावा नाकारल्यानंतर, २० डिसेंबर रोजी, चित्रीकरण करून पंप उघडला. तेव्हा पंप उघडल्यामुळे हमी संपली, असे आता कृपया सांगू नये. आतला डायफ्रॅम फुगून कडेला लाटांसारखा झाला होता. किटमधला न वापरलेला डायफ्रॅम त्यावर ठेवला तर एका बाजूची स्क्रूची छिद्रे जुळली, पण समोरची निम्मी झाकली गेली. मधल्या दांड्याच्या वॉशरभोवती नखाएवढी भेगही होती. त्या भेगेतून पेट्रोल इंजिनात उतरत होते. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर आले होते आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंगचे काय होते, हे आपणास मी सांगायला नको.

इथेनॉलने रबर फुगले की रबरच हलके होते, हे ठरवणे आपल्या प्रयोगशाळेचे काम आहे. खोक्यावर तसे छापून पैसे घेतल्यावर दोन्हींचे उत्तर आपल्याकडेच मागावे लागेल.

माझी मागणी अशी आहे की, पंप व किटची किंमत, ऑइल बदलण्याचा खर्च आणि मिस्त्रींची मजुरी, बिलांप्रमाणे एकूण ४,८६० रुपये, मला परत मिळावेत. पंप आपल्या प्रतिनिधीने येऊन पोचपावतीसह न्यावा आणि तपासणीचा लेखी अहवाल द्यावा. तसेच याच खेपेचे पंप दुकानांतून परत मागवावेत, कारण माझ्यासारखीच गाडी वापरणाऱ्याच्या कॅबमध्ये ही गळती झाली तर गोष्ट चार-पाच हजारांवर थांबणार नाही. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. दोन्ही डायफ्रॅम, खोकी आणि बाटलीतल्या मापाचे चित्रीकरण मी जपून ठेवले आहे.

आपला,
तक्रारदार ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, मिस्त्रींचे व ऑइलचे बिल, १० डिसेंबरच्या उत्तराची प्रत, छायाचित्रे.