आत्या, तुला अर्धीच गोष्ट कळलीय

ऑकलंड, ऑगस्ट 2025

प्रिय आत्या,
सा. न.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुमच्याकडच्या बेटावर लोकांनी मरीना होऊ दिली नाही म्हणे. कसं केलं ते नीट लिहून पाठव, वाढवण बंदराविरुद्धच्या बैठकीत बायकांना वाचून दाखवते." मी तेव्हा भाजी परतत होतो, हो म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तुला कुणीतरी अर्धीच गोष्ट सांगितलीय. वाइहेके बेटावर मरीनाविरुद्ध, म्हणजे हौशी बोटी लावून ठेवायच्या तळाविरुद्ध, लढे दोन झाले. एक लोकांनी जिंकला, दुसरा हरले. जिंकलेल्याचं नाव तुझ्यापर्यंत पोचलं. हरलेला मला दर पंधरा दिवसांनी दिसतो.

वाइहेके म्हणजे ऑकलंडहून बोटीने पाऊण तास. वस्ती नऊएक हजारांची. डोंगरउतारावर द्राक्षमळे, वाइनरी, शहरातल्या पैसेवाल्यांची सुट्टीची घरं, आणि त्यांच्या मधेमधे वर्षानुवर्षं राहणारी साधी माणसं. तिथले कूलर आणि बर्फाची मशिनं बिघडली की आमच्या कंपनीला फोन येतो, आणि बेटावर जायला बाकीचे टाळाटाळ करतात म्हणून मी जातो. माणसांची बोट लागते माटियाटियाला, गाड्यांची केनेडी पॉइंटला. दोन्ही नावं लक्षात ठेव, कारण दोन्ही लढे याच दोन धक्क्यांच्या शेजारी झाले.

आधी माटियाटिया. छोटी खाडी, बोटीतून उतरलं की समोर हिरवा डोंगर. तिथे दीडएकशे यॉट लावून ठेवायची मरीना आणायचं घाटत होतं. लोकांनी संघटना काढली, वर्गणी गोळा केली, वकील दिला, आणि 2015 च्या डिसेंबरात पर्यावरण न्यायालयाने परवानगी नाकारली. इथे अशा वादांसाठी हे वेगळं न्यायालय आहे, आणि जमीन, पाणी, किनारा असं सगळं ज्याखाली येतं तो कायदा 1991 चा. म्हणजे आपला डहाणू तालुका केंद्राने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, त्याच वर्षीचा. योगायोग आहे, पण मला तेव्हापासून ते साल विसरता येत नाही.

इथवर तुझ्या बायका टाळ्या वाजवतील. पण पुढचं ऐक.

लगेच दुसऱ्या कंपनीचा अर्ज आला, केनेडी पॉइंटसाठी. पूटिकी नावाची खाडी आहे ती. मरीना 186 बोटींची, म्हणजे माटियाटियापेक्षा मोठीच. पण अर्ज हुशारीने केलेला होता. समुद्राचा तळ खोदायचा नाही, दगडांचा नवा बांध घालायचा नाही, लाटा अडवायला तरंगते बंधारे, आणि गाड्या उभ्या करायला तळसुद्धा तरंगता. 2017 मध्ये परवानगी मिळाली, 2018 मध्ये न्यायालयाने ती कायम केली. मी काही वकील नाही, पण मला जे उमगलं ते सांगतो. माटियाटियाला वाचवायला एक देखणी, बऱ्यापैकी न विटाळलेली खाडी होती. केनेडी पॉइंटला आधीच धक्का, ट्रकांची रांग, दगडी बांध. जिथे एकदा हात लागलाय तिथे दुसरा हात लावायला कुणाला फारसं जड जात नाही. तारापूरची अणुभट्टी झाली, मग डहाणूचा औष्णिक प्रकल्प झाला, आणि आता वाढवण. याच रस्त्याने आपल्याकडेही सगळं आलं ना?

आणि खरी गुंतागुंत तर पुढेच. त्या भागात न्गाटी पाओआ नावाची माओरी जमात आहे, खाडीशी तिचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं. इथल्या कायद्यात जमातीशी सल्लामसलत करावी लागते. झाली. पण न्गाटी पाओआंच्या दोन विश्वस्त संस्था. एकीने विरोध केला नाही म्हणून न्यायालयाने पुढे पाऊल टाकलं. नंतर दुसरी म्हणाली, या विषयात बोलायचा अधिकार आमचा, आम्हाला विचारलंच नाही. त्या एका मुद्द्यावर विरोधक पुन्हा न्यायालयात गेले, वर, अगदी सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत. दाद लागली नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, सरपंचाची सही म्हणजे गावाची सही का? पालघरच्या जनसुनावणीहून आल्यावर तू हेच बोलली होतीस, आठवतंय मला.

2021 च्या मार्चमध्ये तरुण पोरं, त्यात जमातीतलीही बरीच, सरळ किनाऱ्यावर तंबू ठोकून बसली. फेरीतून उतरलं की डाव्या हाताला झेंडे, फळ्यांवर रंगवलेल्या घोषणा आणि धुरात माखलेली किटली. मी एकदा व्हॅन बाजूला लावून उतरलो. एका मुलीने काही न विचारता चहाचा कप हातात दिला, बिनदुधाचा. मी तिला "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द" म्हणून दाखवलं. अर्थ कळला नाही तरी ठेका आवडला तिला, दोनदा म्हणून पाहिलं. जुलैत काम जोरात सुरू झालं तशी ही पोरं कयाक घेऊन, काही नुसती पोहत बार्जच्या आड यायला लागली. धक्काबुक्की झाली, अटका झाल्या. हे सगळं थंडीत. इथला जुलै म्हणजे आपला जानेवारी, आणि पाणी तर त्याहून वाईट.

हट्ट कशासाठी, तर बऱ्याच अंशी पेंग्विनसाठी. हसू नकोस. कोरोरा म्हणतात त्याला, जगातला सगळ्यात लहान पेंग्विन, किलोभर वजन, उभा राहिला तर जेमतेम दीड वीत. दिवसभर समुद्रात, अंधार पडला की चालत घरी. आणि घर कुठे, तर फेरीच्या धक्क्याच्या त्याच दगडी बांधात. माणसाने बांध घातला गाड्यांसाठी, याने त्याच्या फटीत संसार मांडला. पिसं झडायच्या दिवसांत अंगावर पाणी चालत नाही, मग दोनेक आठवडे उपाशीच फटीत बसून राहतो. बाहेर काय ठोकाठोक चाललीय त्यापासून पळणार कुठे? एकदा शेवटच्या फेरीची वाट बघत मी व्हॅनमध्ये डबा खात होतो. दगडांतून आधी सुकटीच्या पाटीसारखा वास आला, मग आवाज. लहान पोराला डांग्या खोकला झाला आणि तो मधेच गाढवासारखा ओरडला, तर कसं होईल, तसा. दिसला काही नाही. डबा तसाच राहिला.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट, ही मात्र बैठकीत जरूर सांग. जानेवारीत न्गाटी पाओआंनी बेटाभोवती राहुई लावली. राहुई म्हणजे जमातीने घातलेली बंदी. शेवंड, शिनाणे, स्कॅलपच्या शिंपल्या आणि पाउआ नावाची मोठी शिंपली, कुणी काढायची नाही, कारण संपत चाललीत. आपण नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतो, तसंच काहीसं. सरकारने ते मानलं आणि डिसेंबरपासून कायद्याने दोन वर्षं बंदी केली. एकाच वर्षात, एकाच जमातीचा शब्द शिंपल्यांसाठी चालला आणि खाडीसाठी चालला नाही. यावर मी फेरीत पुष्कळदा विचार केलाय, हाती काही लागलं नाही.

आता मरीना उभी आहे. पांढऱ्या बोटींच्या रांगा, नव्या फळ्या, सगळं चकचकीत. तंबूंची जागा ओळखूसुद्धा येत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात ऑफिसातून काम आलं, एका यॉटवरचा बर्फाचा फ्रीज बंद पडलाय. पत्ता बघितला तर हीच मरीना. नाही म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. कॉम्प्रेसर ठीक होता, कॉइलला बारीक भोक पडलं होतं. ते बुजवून गॅस भरला, दीड तासात काम झालं. मालक भला माणूस, त्याने चहा विचारला, दुधाचा. मी प्यायलो. सगळा वेळ पायाखाली ती फळी हलत होती आणि मला त्या मुलीचा कप आठवत होता.

तुझं मंडळ आता काय करणार ते कळव. वाढवणला मंत्रिमंडळाची मंजुरी जून 2024 ची, 76,220 कोटींचा प्रकल्प, भूमिपूजनही होऊन गेलं. 186 बोटींची मरीना त्यापुढे म्हणजे खेळणंच. म्हणून इथली युक्ती तिथे चालेल असं मी लिहीत नाही. मोर्च्याला जाताना गुडघ्याला पट्टा बांध आणि पाण्याची बाटली घे, मागच्या वेळी भोवळ आली होती.

बैठकीत वाचणार असशील तर माटियाटिया वाच, पेंग्विनचं वाच, राहुई तर वाचच. दोन संस्थांचंही वाच, कुणाला टोचलं तर टोचू दे. फ्रीजचं तेवढं वगळ.

तुझा,
बंड्या