सिंगापूर स्लिंगमध्ये बाटलीतले लाल सिरप नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी ‘सिंगापूर स्लिंग’ कसे करावे याची कृती नुकतीच वाचली. मद्यमिश्रणाच्या विषयाला मराठी वृत्तपत्राने आडपडदा न ठेवता जागा दिली, याबद्दल प्रथम आपले आभार. मात्र त्या कृतीत डबाबंद अननसाचा रस आणि बाजारात मिळणारे लाल सिरप वापरायला सांगितले असून, जिन सोडल्यास बहुतेक घटकांपुढे ‘थोडेसे’ किंवा ‘चवीनुसार’ एवढाच उल्लेख आहे. अशा रीतीने केलेले पेय गोडमिट्ट होते आणि ते प्रथमच चाखणाऱ्याला वाटते की सिंगापूर स्लिंग मुळातच असे असते. तसे ते नाही, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलातील ‘लाँग बार’शी या पेयाचे नाव जोडले गेले आहे. तेथे काम करणारे हैनानी वंशाचे न्गियाम टोंग बून यांनी ते 1915 मध्ये तयार केले, असे हॉटेल सांगते. मूळ कृतीबद्दल मात्र जाणकारांत एकमत नाही. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे बारटेंडर हॅरी क्रॅडॉक यांनी 1930 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात जिन, चेरी ब्रँडी, लिंबाचा रस आणि वरून सोडा एवढेच साहित्य आहे. त्यात अननसाचे नावही नाही. आज जगभर प्रमाण मानली जाणारी कृती मात्र अननसाच्या रसावरच उभी आहे, आणि मला स्वतःला तीच अधिक आवडते.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेने दिलेले प्रमाण असे आहे: जिन 30 मिलिलिटर, चेरी लिक्युअर (चेरीच्या स्वादाचे गोड मद्य) 15, संत्र्याच्या सालीच्या स्वादाचे क्वांत्रो साडेसात, वनौषधींचे बेनेडिक्टीन साडेसात, अननसाचा ताजा रस 120, लिंबाचा ताजा रस 15, ग्रेनाडीन हे लाल सिरप 10 आणि अँगोस्टुरा बिटर्स या कडवट अर्काचा एक शिडकावा. हे सर्व भरपूर बर्फासह शेकरमध्ये जोरात हलवून, गाळून, बर्फ घातलेल्या उंच ग्लासात ओतायचे. यातील 205 मिलिलिटरपैकी 120 मिलिलिटर एकटा अननस आहे, हे ध्यानात घेतले की तो ताजा असण्याचा आग्रह का धरावा हे वेगळे सांगावे लागत नाही.

डबाबंद रस उष्णतेच्या प्रक्रियेतून गेलेला असतो, त्यामुळे त्याला शिजवल्याचा वास येतो आणि कित्येकदा त्यात वरून साखरही असते. उलट पिकलेला अननस सोलून, डोळे काढून, पाणी न घालता मिक्सरमधून फिरवला आणि मलमलच्या कापडातून पिळून घेतला, तर मिळणाऱ्या रसाला आंबटपणाची धार असते. हाच रस बर्फाबरोबर हलवला की फेसाळतो आणि ग्लासात ओतल्यावर वर फिकट गुलाबी साय धरल्यासारखा बोटभर फेस उभा राहतो. हा फेस सिंगापूर स्लिंगची ओळख आहे. डब्यातल्या रसाला तो असा येत नाही. अननस निवडताना रंगापेक्षा पानांच्या तुऱ्याच्या विरुद्ध टोकाचा, म्हणजे बुडाचा, वास घ्यावा. तेथे गोड सुगंध येत असेल तर फळ तयार आहे, आणि आंबूस वास येत असेल तर ते उतरले आहे. रस त्याच दिवशी वापरावा.

ग्रेनाडीनबाबत तर मला कळकळीने लिहावेसे वाटते. ग्रेनाडीन म्हणजे मुळात डाळिंबाचे सिरप, पण बाजारातील अनेक बाटल्यांवरचे घटक वाचले तर साखर, आम्ल, रंग आणि कृत्रिम स्वाद यांपलीकडे काही आढळत नाही. ज्या राज्यात सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, जेथे भगव्या जातीची डाळिंबे गल्लीच्या टोकाला हातगाडीवर मिळतात, तेथल्या वाचकाला आपण रंगीत साखरपाणी विकत घ्यायला सांगावे, हे मला पटत नाही. डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये अगदी क्षणभर फिरवावेत. जास्त फिरवल्यास बिया भरडल्या जाऊन तुरटपणा उतरतो. रस गाळून, त्यात समप्रमाणात साखर घालून, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवावा. उकळी येऊ देऊ नये, नाहीतर ताजेपणा जातो. थोडे लिंबू पिळले की रंगही खुलतो. असे सिरप फ्रीजमध्ये आठवडाभर सहज टिकते. बाटलीतल्या सिरपासारखा भडक लाल रंग त्याने येत नाही, हे खरे. पण जो मंद गुलाबी रंग येतो तो खरा असतो.

मापांचा प्रश्न केवळ चवीचा नाही. फळांच्या रसामुळे हे पेय सौम्य लागते, पण त्यात जिनखेरीज आणखी 30 मिलिलिटर लिक्युअर असते. आपल्याकडील जिनमध्ये सामान्यतः 42.8 टक्के अल्कोहोल असते, क्वांत्रो व बेनेडिक्टीन प्रत्येकी 40 टक्क्यांचे आणि चेरी लिक्युअर साधारण 24 टक्क्यांचे. हिशेब केला तर एका ग्लासात सुमारे 22 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल भरते, म्हणजे ते जवळजवळ एका मोठ्या पेगइतके होते. ‘चवीनुसार’ ओतणाऱ्याच्या हातून ते किती होईल याचा नेम नाही, आणि पाहुण्याला तर ते कळतही नाही. साडेसात मिलिलिटर मोजायला महागडे साधन लागत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणारे खुणांचे झाकण स्वच्छ धुऊन ठेवले तरी काम भागते. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते.

परदेशी लिक्युअरच्या किमती पाहता तिन्ही बाटल्या घेणे अनेकांना परवडणार नाही, याची मला जाणीव आहे. अशा वेळी क्रॅडॉक यांच्या जुन्या कृतीकडे वळावे, म्हणजे चेरी ब्रँडीच्या एका बाटलीवर भागते. जिन मात्र गोव्यात आता उत्तम तयार होते, त्यासाठी परदेशी बाटलीची गरज नाही.

आपणास विनंती अशी की, येत्या पुरवणीत ही कृती मिलिलिटरमधील मापांसह पुन्हा छापावी, त्यात ताज्या रसाचा आणि डाळिंबाच्या सिरपाचा उल्लेख करावा, एका ग्लासात किती मद्य आहे तेही लिहावे आणि महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असणे व परवाना असणे आवश्यक आहे, ही ओळ कृतीच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत द्यावी.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, पुणे